लॉन अजून आलं नाही

माझ्या मुलाने बेंगळुरूत हरळी विकत आणून लावली आणि मी ती फुकट उपटून दिली.

खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण भेटेल तो विचारतो, "आज्जी, असं कसं झालं?" म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

ज्यांनी शेत फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगते, हरळी हे एक गवत आहे. जमिनीवर सरपटतं, पेरापेराला मूळ धरतं. वरून कापलं तर खालून येतं, खालून ओढलं तर शेजारून येतं. (हीच बया गणपतीच्या डोक्यावर जाऊन बसली की तिला दूर्वा म्हणतात आणि सगळे हात जोडतात. रानात तिला कोणी हात जोडत नाही.) मी निपाणीकडची. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात खुरपं आलं, ते थेट प्रकाश मला बेंगळुरूला घेऊन येईपर्यंत. पन्नास-पंचावन्न वर्षं भांगलण केली, म्हणजे पिकातलं तण काढलं. शाळेच्या चार वर्षांचा पुढे काय उपयोग झाला ते मला कधी कळलं नाही, पण भांगलणीचा काय उपयोग झाला ते साऱ्या घराला कळलं.

प्रकाश, माझा मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. आधी मारतहळ्ळीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. तिथे जमीन म्हणजे कुंडीतली. मग त्याने शहराच्या कडेला घर बांधलं आणि घरामागे थोडी मोकळी जागा ठेवली. आम्ही तिला परडं म्हणतो, सून तिला बॅकयार्ड म्हणते. सून स्मिता पुण्याची आहे. माझ्याशी चांगली वागते, फक्त तिच्या एका वाक्यातले निम्मे शब्द मला कळतात आणि माझ्या एका वाक्यातले निम्मे तिला. त्यामुळे आमचं भांडण कधी पूर्ण होत नाही.

नात मुक्ता, त्यांची एकुलती एक. तिचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर इंदिरानगरला. मुलाच्या आईचं म्हणणं, साखरपुडा हॉटेलातल्या हॉलमध्ये करू, एसी आहे, पार्किंग आहे. मुक्ता म्हणाली, "नको. आमच्या घरी लॉन आहे. तिथेच करू, पन्नास माणसं आरामात बसतात." लॉन तेव्हा नव्हतं. मुक्ता आधी बोलते आणि मग वस्तू आणते. हा गुण तिने माझाच घेतला आहे.

मी त्या वेळी निपाणीला, भावाकडे होते. प्रकाशचा फोन आला.

"आई, मुक्ताच्या साखरपुड्याला मागे लॉन टाकायचं ठरवलंय."

"टाका की."

"तू परत येशील तोवर होईल बघ."

इथेच घोटाळा झाला, आणि तो माझ्या डोक्यात झाला. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाची जागा. हायवेला पाट्या असतात, अमुक लॉन, तमुक लॉन. माझ्या भाचीचं लग्न असल्याच एका लॉनवर झालं. आदल्या दिवशी टेम्पो आला, चार माणसं उतरली, हिरव्यागार गुंडाळ्या धडाधड सोडल्या, कडेने खिळे ठोकले, तासाभरात लॉन तयार. हात लावून पाहिलं तर प्लास्टिक. जेवणं झाली, गुंडाळून टेम्पोत घालून घेऊन गेले. मला वाटलं, छान आहे, झाडायची सोय आहे. तर माझ्या हिशेबी लॉन हे असं होतं. ते उगवत नाही, ते येतं.

मी परत आले तेव्हा साखरपुड्याला सव्वा महिना होता. प्रकाश आणि स्मिता त्याच दिवशी तीन दिवसांसाठी पुण्याला निघाले होते, साड्या आणि आमंत्रणं. मुक्ता ऑफिसला पळत होती. दारात टॅक्सी उभी, एका हातात टोस्ट.

"आज्जी, मागे पाणी घाल हं रोज."

"कुणाला?"

"अगं, मागे सगळीकडे."

आणि गेली. मी चहा घेतला आणि मागचं दार उघडलं.

परडं हरळीने भरलेलं.

मी पायरीवर उभीच राहिले. दोन महिने घर सोडलं तर या लोकांनी ही दशा केली. आणि हरळी तरी कशी? ओळीत. चार-चार बोटांवर एक एक झुबका, सुतात धरून लावल्यासारखा. जन्मात मी हरळी ओळीत उगवलेली पाहिली नव्हती. मनात म्हटलं, बेंगळुरूची हवाच अशी, इथे तणसुद्धा शिस्तीत येतं. (एवढं बघूनही शंका आली नाही. पंचावन्न वर्षांचा अनुभव असला की माणूस विचार करायचं बंद करतो.) मधे मधे लव्हाळाही माजला होता. लवकरच माणसं येणार लॉन अंथरायला, आणि खाली हे. उद्या गुंडाळीखाली उंचवटे आले, विहीणबाई सँडल अडकून पडल्या, तर नाव कुणाचं जाणार?

ट्रंकेतून खुरपं काढलं. माझं स्वतःचं, गावाहून आणलेलं. स्मिताला वाटतं मी ते आठवण म्हणून ठेवलं आहे.

दोन दिवस मी कमरेला पदर खोचून बसले. ओळीत असल्यामुळे काम भराभर झालं. एकेक मूळ काढलं, तुटू दिलं नाही. गुडघे ओरडत होते, पण आतून मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी असं काम हातात आलं होतं की त्यात मला कोणी काही शिकवू शकत नव्हतं.

उपटलेलं टाकायचं कुठे? कचऱ्याच्या गाडीवाल्यापुढे हरळीने भरलेली बुट्टी धरली तर तो हात हलवून म्हणाला, "अव्वा, इदु बेडा." हे नको. मग मी डोकं चालवलं. हरळी मातीवर टाकली तर पुन्हा धरते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. ती दगडावर टाकून उन्हात वाळवायची. आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शांतम्माच्या परड्यात शहाबादी फरशी होती. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्यासोबत तिथेच सांडगे घातले होते. शांतम्मा ही माझ्याच वयाची, म्हैसूरकडची, एकटी राहते. ती लेकीकडे गेली होती, गेटला कुलूप. म्हटलं, ती येईपर्यंत वाळून कोळसा होईल, मग मीच जाऊन झाडून देईन. भिंत माझ्यापेक्षा हातभर उंच. चार बुट्ट्या वर उचलून पलीकडे ओतल्या.

पडल्याचा आवाज मऊ आला. तेव्हाच कळायला हवं होतं.

परडं आता स्वच्छ झालं. पण नुसती माती चांगली दिसेना. साखरपुड्याची जागा, तिथे काही शुभ हवं. आमच्या लेआउटच्या, म्हणजे या नव्या वसाहतीच्या, मागे जुन्या गावातली थोडी घरं अजून आहेत, तिथे गाई आहेत. शेण आणलं. जमीन आधी धोपटून धोपटून पाटासारखी केली, मग सडा घातला, सारवलं आणि वर रांगोळी काढली. मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत कोयऱ्या. अशी जमीन दिसत होती की टेम्पोवाले येऊन गुंडाळी टाकायला धजले नसते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रकाश आणि स्मिता आले. पाठोपाठ मुक्ताही आली. मी मुद्दाम काही बोलले नाही, म्हटलं स्वतःच बघू देत. स्मिताने मागचं दार उघडलं आणि तशीच थांबली.

"आई, लॉन कुठंय?"

"अजून आलं नाही."

"कोण आलं नाही?"

"लॉन. टेम्पो आला नाही अजून. पण मी खाली सगळं तयार करून ठेवलंय, आता कधीही येऊ दे."

प्रकाश पुढे आला. त्याने रांगोळी बघितली. मग पायरीवर बसला, हळूच, दुखणाईत बसतो तसा.

"आई, इथे गवत होतं."

"हरळी होती रे. किती माजली होती! काढली सगळी."

"ते लॉन होतं."

"हरळी होती ती. मला हरळी शिकवतोस?"

"बर्मुडा होतं ते, आई."

"बर्मुडा तर तू रविवारी घालून फिरतोस."

मुक्ता हसली. मग तिला आठवलं की साखरपुडा तिचा आहे, आणि थांबली. म्हणाली, "आज्जी, मी तुला पाणी घालायला सांगितलं होतं ना?"

"घातलं की. सडा घातला."

पुढचा अर्धा तास मला समजावून सांगण्यात गेला. शहाणीसुरती माणसं हरळी लावतात, एक एक काडी रोवून लावतात, तिला खत घालतात, आणि तिच्यातून दुसरं काही उगवलं तर ते उपटतात. मी दोनदा विचारलं, चेष्टा नाही ना? प्रकाशने मोबाईलवर फोटो दाखवला. पडद्यावर हिरवीगार हरळी आणि तिच्यावर खुर्ची टाकून एक गोरा म्हातारा पेपर वाचत बसलेला. आमच्याकडे एवढी हरळी ज्याच्या रानात दिसेल त्याला कोणी मुलगी देणार नाही. इथे हरळी नाही म्हणून मुलीचा साखरपुडा अडणार होता.

"आणि उपटलेलं कुठे आहे? पुन्हा लावता येईल," प्रकाश म्हणाला.

"गाडीवाल्याने नेलं," मी म्हणाले.

खोटं बोलले. एवढं सगळं करून वर शेजारणीच्या दारात चार बुट्ट्या कचरा टाकला, हे कुठल्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी सिद्दप्पा आला. लॉन लावणारा माळी तो, वयाने साठीचा, विजापूरकडचा. त्याने सारवलेल्या जमिनीवर टाच आपटून पाहिली. ठक्क आवाज आला. "अव्वा, इथं आता गवत कशाला? मळणी घाला," म्हणाला. तरी बिचाऱ्याने कुदळीने वरवर खणलं, नवीन काड्या आणल्या आणि पुन्हा ओळीत रोवल्या. जाताना म्हणाला, "महिन्यात होईल. सकाळी स्वल्प नीर घाला. स्वल्प." म्हणजे थोडंसं पाणी. बोटाच्या चिमटीने दाखवलंही.

पण आता मला भरपाई करायची होती. ज्याला भरपाई करायची असते त्याला थोडंसं हा शब्द ऐकू येत नाही. मी सकाळी पाणी घालायची, दुपारी घालायची, आणि संध्याकाळी पाऊस यायचा. तोही रोज. बेंगळुरूची हवा कोरडी, थंड म्हणून सगळे सांगायचे. हल्ली दुपारी कणीक भिजेल एवढा घाम येतो. खाली माझी धोपटलेली जमीन, तिच्यातून पाणी मुरेना. तिसऱ्या आठवड्यात गवतावर पिवळे गोल चट्टे उठले. एक, मग पाच, मग मोजणं सोडलं. जमिनीला नायटा झाला.

मला बुरशीवर ताक माहीत होतं. गावाकडे मिरचीवर आंबट ताक मारतात. फ्रिजमध्ये पातेलंभर होतं, ते सगळं शिंपडलं. संध्याकाळी स्मिताने विचारलं, "आई, मठ्ठा कुठे गेला?" तेव्हा मला कळलं की त्यात मीठ होतं. जिरंही होतं. परड्याला दोन दिवस लग्नाच्या पंगतीसारखा वास येत होता आणि तिसऱ्या दिवशी जिथे जिथे मठ्ठा पडला तिथे तिथे गवत तांबडं पडलं. सिद्दप्पा येऊन बघून गेला. त्याने नळाची तोटी काढून खिशात घातली आणि प्रकाशला म्हणाला, "सर, गवताला औषध देतो. पण अव्वाला आत ठेवा."

मधल्या काळात मुक्ताच्या होणाऱ्या सासूबाई मोबाईलवर विचारायच्या, लॉन कसं आहे, फोटो पाठव. मुक्ता फोटो पाठवायची. पहिल्यांदा अर्ध्या परड्याचा, मग एका कोपऱ्याचा, आणि शेवटचा फोटो जवळजवळ जास्वंदीचाच होता. साखरपुड्याला आठ दिवस राहिले तेव्हा स्मिता म्हणाली, "मुक्ता, बी प्रॅक्टिकल. रविवारपर्यंत हॉटेलला हो सांगायला पाहिजे, नाहीतर तेही जाईल."

मुक्ता म्हणाली, "हो. सांगून टाकू." मग माझ्याकडे बघून, "राहू दे आज्जी. हॉलमध्ये एसी आहे."

ओरडली असती तर मी चार शब्द उलट बोलले असते, मोकळी झाले असते. तिने समजूत घातली. सासरच्या माणसांपुढे तिचा पहिलाच शब्द, तो माझ्या खुरप्याने मुळासकट निघाला होता, आणि वर तीच माझी समजूत घालत होती. मला रडारड जमत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन एक शेर लसूण सोलला. घरात लसूण हवा होता असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ऑफिसला गेल्यावर दारात शांतम्मा उभी. म्हैसूरहून रात्रीच आलेली, डोळे लाल.

"अक्का, स्वल्प बन्नी. बघायला या, माझ्यावर काय प्रसंग आलाय."

ती कन्नडमध्ये बोलते, मी निम्मं कन्नड निम्मं मराठी. आमचं चालतं. मी तिच्यामागून गेले. तिने मागचं दार उघडलं आणि मला वाटलं, हिच्याकडे टेम्पो येऊन गेला.

भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवंगार. दाट, सारखं, मऊ. भाचीच्या लग्नातलं लॉन होतं ना, हुबेहूब तसं. मी वाकून हात लावला. प्लास्टिक नव्हतं. हरळी होती.

"फरशी कुठे गेली?" मी विचारलं.

"तुम्ही गावी होता ना, तेव्हा काढून टाकली. टोमॅटो लावायचे म्हणून दोन गाड्या तांबडी माती आणि एक गाडी शेणखत टाकलं, आणि लेकीकडे गेले. येऊन बघते तर हे. सगळी गरिके."

गरिके म्हणजे कन्नडमधली हरळी. मी त्या गवताकडे बघत उभी राहिले. त्याला कोणी रोज पाणी घातलं नव्हतं, ताक पाजलं नव्हतं, सारवलं नव्हतं. महिनाभर माझा हात लागला नव्हता, म्हणून ते आलं होतं.

"तो मातीवाला चोर आहे," शांतम्मा म्हणाली. "गरिकेची मुळं असलेली माती विकली मला. आता फोन करते, चांगला फैलावर घेते. आणि उद्या सकाळी मशीनवाला येतोय, सगळं उलटंपालटं करून टाकतो."

गप्प बसायची सोय होती. मातीवाल्याने शिव्या खाल्ल्या असत्या, त्याला सवय असेल. पण उद्या मशीन येणार होतं. तिने फोन कानाला लावला तेव्हा मी तिचा हात धरला.

"शांतम्मा, माती चांगली आहे. वाईट मी आहे."

मग भिंतीकडे बोट करून सगळं सांगितलं. हरळी, टेम्पो, बुट्ट्या, सडा, मठ्ठा, मुक्ता. शांतम्मा ऐकत होती. तिचं तोंड आधी उघडं पडलं, मग घट्ट मिटलं. सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला.

"रांगोळी पण काढली?"

"कमळ. आणि चार कोयऱ्या."

ती खाली हरळीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिला हसू दिलं. मागायचं मला होतं.

"आठ दिवस ठेव हे," मी म्हणाले. "पोरीचा साखरपुडा इथे करू दे. मग मी काढून देते."

"कोण काढणार?"

"मी."

"मशीनवाल्याला मी रागात बोलावलं, पण मशीन नाही चालणार. मशीनने तुकडे होतात, एकाची दहा होते."

"मला सांगतेस? खुरप्याने काढीन. एकेक मूळ."

"सरी," शांतम्मा म्हणाली. म्हणजे ठीक. "पण दर आठवड्याला येऊन बघायचं. जोपर्यंत एक काडी उगवते आहे तोपर्यंत."

मी हो म्हटलं. हरळीबद्दल माझ्याइतकं माहीत असलेल्या बाईने असल्या अटीला हो म्हणायला नको होतं, पण त्या दिवशी तिने माझं घर मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

संध्याकाळी मी घरच्या सगळ्यांना शांतम्माच्या परड्यात उभं केलं. प्रकाशने सिद्दप्पाला बोलावलं. तो गुडघ्यावर बसला, एक काडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "सर, हे तर मी लावलेलं." मग भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अव्वा, तुम्ही फेकून जे उगवलं ते मी लावून उगवत नाही. माझ्याकडे कामाला येता का?" मुक्ता चपला काढून त्या गवतावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, आणि तिथूनच हॉटेलला नाही म्हणून फोन केला.

साखरपुडा झाला. पाहुणे शांतम्माच्या गेटमधून आले, तीच गेटात उभी राहून सगळ्यांना कुंकू लावत होती. विहीणबाई उंच टाचांच्या सँडल घालून आल्या आणि पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाल्या, "वा, किती मेंटेन केलंय. कोण बघतं?"

स्मिताने माझ्याकडे बघितलं. "आमच्या सासूबाई. त्यांचंच आहे सगळं."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला ते लागलं.

मी खुर्चीवर बसून होते, आता काही होत नाही म्हणून जरा पाठ टेकली होती. शेजारच्या खुर्चीवर मुलाची आजी. अथणीकडची, पाठीत वाकलेली, हातात हिरव्या बांगड्या, तळवे माझ्यासारखेच खरखरीत. पोरं अंगठ्या घालत होती, सगळे टाळ्या वाजवत होते. मी बघते तर म्हातारी खाली वाकलेली. मला वाटलं चप्पल शोधते आहे. नीट बघितलं. तिच्या पायाशी ताटाएवढं टक्कल पडलं होतं आणि मांडीवर हरळीचा ढीग.

"लई माजलीय हो तुमच्यात," ती मला हळूच म्हणाली, कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून. "तुमची लोकं शहरातली, त्यांना कळत न्हाई. खुरपं हाय काय? कार्यक्रम होईपर्यंत एवढा कोपरा काढून टाकू दोघी."

खोटं कशाला बोलू, माझेही हात शिवशिवले. पण मुक्ता समोर उभी होती. मी म्हातारीचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरले आणि सोडले नाहीत. तिने ओढून बघितले, मी आणखी घट्ट धरले. फोटोवाला धावत आला. दोन्हीकडच्या आज्या हातात हात घालून, एकमेकींकडे टक लावून. सगळ्यांना तो फोटो फार आवडला. विहीणबाईंनी मोठा करून भिंतीवर लावला आहे. खाली पाय दिसत नाहीत ते एक बरं.

पुढच्या आठवड्यात मी शब्द पाळला. शांतम्माच्या परड्यात खुरपं घेऊन बसले आणि तेच लॉन दुसऱ्यांदा उपटलं, या वेळी परवानगीने. बुट्ट्या भिंतीवरून नाही, गेटमधून आणल्या आणि सिद्दप्पाने त्या काड्या आमच्या परड्यात लावल्या. आता तिथे ती चांगली धरली आहे, कारण मला तिकडे फिरकायची बंदी आहे. फक्त सिद्दप्पा गावी गेला की मी तिच्यातला लव्हाळा काढते. भिंतीपलीकडे शांतम्माचे टोमॅटो आले आहेत आणि त्यांच्यातून दर आठवड्याला हरळी डोकं काढते. शांतम्मा भिंतीवरून हाक मारते, "अक्का, बंतु." म्हणजे आली. की मी निघाले.

म्हणजे शहात्तराव्या वर्षी मी भिंतीच्या या बाजूला हरळी राखते आणि त्या बाजूला तीच हरळी भांगलते. खुरपं एकच, गवत एकच, आणि एकदा हात चालू लागला की मी कुठल्या बाजूला बसले आहे हे मला आठवत नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडची दीड ओळ गेली. तेव्हापासून प्रकाशने भिंतीवर दोन्ही बाजूंनी तांबड्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. आमच्या बाजूला "उपटू नये", शांतम्माच्या बाजूला "उपटावे".

मी खाली बसण्याआधी दर वेळी मोठ्याने वाचते. चौथीपर्यंतच्या शाळेचा शेवटी एवढा उपयोग झाला.